घरातलं उदाहरण

आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या दारापर्यंत, मी खडूने एक लांब रेघ मारली आणि माझ्या शेजाऱ्यांना तिच्यावर उभं राहायला सांगितलं. जे सगळं आधी ठरवून मग हलतात त्यांनी टाकीकडे जायचं, 'बघू वेळेवर' म्हणणाऱ्यांनी दाराकडे. रविवारची सकाळ होती. वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारत लोक हसत हसत आपापली जागा शोधत होते. माझी बायको रेघेच्या मधोमध उभी राहिली, आणि तिथूनही थोडी मागे सरकली, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंवर ऊन येत होतं आणि तिला त्यांना टाकीची सावली मोकळी करून द्यायची होती.

ते पाहून मी मनात म्हटलं, हे आज उदाहरण म्हणून वापरता येईल. माझ्या धंद्याची ही खोड आहे.

मी कंपन्यांमध्ये जाऊन नेतृत्व शिकवतो. बरीच वर्षं हेच करतोय, बहुतेक अंधेरीतल्या काचेच्या इमारतींमध्ये. माझी पद्धत माणसांच्या टाइपवर उभी आहे. कोणी बोलता बोलता विचार करतो, कोणी विचार पुरा झाल्यावर तोंड उघडतो. कोणी निर्णय घेताना आधी हिशेब बघतो, कोणी आधी माणसं बघतो. आपला टाइप कळला की आपण गटात कुठे उपयोगी आणि कुठे अडचणीचे, ते कळतं, आणि दुसरा आपल्याला छळायला तसा वागत नाहीये, त्याचा स्वभावच तसा आहे, एवढं तरी मान्य होतं. मला हे मनापासून पटतं. ह्या शिकवण्याने भांडणारी माणसं एका टेबलावर बसलेली मी पाहिली आहेत.

शिकवताना उदाहरणं लागतात, आणि माझं सगळ्यात हुकमी उदाहरण म्हणजे माझी बायको. ती घाटकोपरला डोळ्यांच्या एका हॉस्पिटलात रिसेप्शन सांभाळते. माझ्या तासाला ती 'कमी बोलणारी, माणसं आधी बघणारी' म्हणून यायची. चुकीच्या मापाची चप्पल दुकानात परत द्यायची तर ती घरातून निघण्याआधी वाक्यं पाठ करते, हा किस्सा मी असंख्य वेळा सांगितला आहे. वर्ग हमखास हसायचा. तिला हे ठाऊक होतं. मी घरी आलो की ती विचारायची, "आज किती वेळा काढलंस रे मला?" मी म्हणायचो, "दोनदाच." "मग मानधनात माझा वाटा?" असं म्हणून ती गॅसकडे वळायची. ऐकणारे लोक तिला कधी भेटणार नव्हते. त्यामुळे तिनेही चालवून घेतलं असावं.

गच्चीवरच्या कार्यक्रमाला कारण होतं. आमची इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार होती. परळ-लालबागच्या चाळींतून आलेली कोकणातली घरं, मराठवाड्यातून येऊन इथे नोकरीत स्थिरावलेली दोन-तीन बौद्ध कुटुंबं, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक आजी. गेली कित्येक वर्षं सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. बिल्डरचं पहिलं पत्र आलं आणि वाट लागली. जिन्यात बोलणी बंद झाली. त्यातच सोसायटीचे अध्यक्ष मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले. नवा अध्यक्ष निवडायला सर्वसाधारण सभा बोलवायची होती, आणि बिल्डरशी बोलणार तोच होता, म्हणजे आमच्या सगळ्यांची घरं त्याच्या जिभेवर असणार होती.

तो अध्यक्ष मी होणार, असं मी धरून चाललो होतो. कोणाला बोललो नव्हतो. पण सोसायटीचे सेक्रेटरी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, घरी येऊन म्हणाले की सर, सभेच्या आधी तुमचं ते टाइपचं काहीतरी घ्या, निदान लोक एकमेकांशी बोलतील तरी. तेव्हा मला वाटलं, ही माझ्या निवडीचीच तयारी आहे.

आणि खरंच, सकाळ छान चालली होती. मी गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकच प्रश्न दिला: उद्या बिल्डरचा माणूस चहाला येतोय, काय कराल? टाकीकडच्या लोकांनी प्रश्नांची यादी केली. दाराकडचे म्हणाले, आधी येऊ तर दे. हिशेबवाल्यांनी विचारलं, चहाचा खर्च कोणाचा. माणसं बघणाऱ्यांनी ठरवलं की तळमजल्याच्या आजींना आधी बोलवायचं, कारण त्यांना सांगितल्याशिवाय काही झालं तर त्या रुसतील. लोक एकमेकांना चिडवत होते. ज्यांची महिनाभर बोलचाल नव्हती ते दोघे एका चादरीच्या सावलीत उभे राहून वाद घालत होते. काकू म्हणाल्या, "माका तुझो टाइप-बिप काय कळणा नाय, पण बरा वाटता."

शेवटी मी तो खेळ घेतला, जो मी प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी घेतो. सगळ्यांनी उठायचं, आणि अडचणीच्या वेळी आपण ज्याच्याकडे जाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. बोलायचं नाही. ह्यातून गटाचा खरा पुढारी कोण, ते डोळ्यांना दिसतं. कंपन्यांमध्ये मी फळ्याशी उभा राहून बघत असतो. त्या दिवशी मी लोकांमध्ये जाऊन उभा राहिलो. हे मुद्दाम लिहितो. मी नेहमीची जागा सोडून मधे जाऊन उभा राहिलो आणि खांदे सैल सोडले.

माझ्या शेजारून लोक पुढे गेले. काही जण माझ्या अंगाला घासून गेले. काकूंनी माझ्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, मग सेक्रेटरींनी, मग दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या गृहस्थांनी, मग ज्यांना तिच्यापर्यंत पोचता येईना त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर. गच्चीवर माणसांचा एक झुबका झाला आणि त्याच्या मधे ती, ओशाळून हसत. तिचा स्वतःचा हात तळमजल्याच्या आजींच्या खांद्यावर होता.

मला काय झालं ते सांगतो. माझ्या मनात आलं: मी पंधरा-पंधरा तास उभा राहून हे शिकवतो आणि ही फुकट घेऊन गेली. बायकोबद्दल असं मनात येऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. तिच्या माहेरच्यांचा, तिच्या मैत्रिणींचा कधी हेवा वाटला असेल, पण तिचाच हेवा वाटणं ही निराळी गोष्ट. त्यात ती मला परकी दिसायला लागली, जशी कुठल्यातरी स्पर्धेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली बाई.

मग मी टाळ्या वाजवून सगळ्यांना बसवलं आणि खेळाचा अर्थ समजावून सांगायला लागलो. आवाज नेहमीचाच होता, गोड आणि समजूतदार. मी म्हणालो की आपण आधारासाठी ज्याच्याकडे जातो तो आणि पुढारी हे दोन वेगळे टाइप आहेत. आधार देणाऱ्याला संघर्ष पेलत नाही. आणि मग, जसं वर्गात सवयीने करतो तसं, मी उदाहरण दिलं.

"आता हिचंच घ्या," मी म्हणालो. "भांडण झालं की हिला दोन दिवस जेवण जात नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. अशा माणसाला आपण बिल्डरसमोर बसवणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच आहे."

लोक हसले नाहीत. वर्गात हसतात. काही जणींनी तिच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. ती आजींच्या साडीचा पदर गच्चीच्या खिळ्यात अडकला होता तो सोडवत होती, आणि तो सुटल्यावरही सोडवत राहिली.

घरी आल्यावर तिने कांदा चिरायला घेतला. मी काहीबाही बोलत होतो, कार्यक्रम कसा झाला वगैरे. ती म्हणाली, "नळाचं सांगायला नको होतंस." मग म्हणाली, "तिथे माझ्या ओळखीची माणसं होती रे." मी म्हणालो की शिकवताना उदाहरण द्यावंच लागतं, आणि मी तिच्या भल्यासाठीच बोललो. तिने चिरलेला कांदा कढईत टाकला.

सभा पुढच्या आठवड्यात तळमजल्याच्या पार्किंगमध्ये झाली. अध्यक्षपदाचा विषय निघताच काकू माझ्या बायकोच्या पाठीवर हात ठेवून उठल्या. "ह्या आमच्या चेडवाक करा अध्यक्ष, आणि माका सोडा, डाळ शिजाक ठेवलेली आसा." लोक हसले. सेक्रेटरींनी विचारलं, अनुमोदन कोण देणार. आमच्या सोसायटीत अनुमोदनाला कधी वेळ लागत नाही. कोणीतरी हात वर करतो आणि विषय संपतो. त्या दिवशी कोणी हात वर करेना. मग बँकेतले गृहस्थ, फार मायेने, म्हणाले, "वहिनींबद्दल आदरच आहे. पण त्यांना झेपेल का? सरांनीच सांगितलंय ना त्या दिवशी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की मी बोललो ते खरं नाही, किंवा खरं आहे पण त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. हॉस्पिटलात चिडलेल्या नातेवाइकांसमोर ती रोज उभी राहते, तेव्हा ती कुठे रडते? मला ते माहीत होतं. मी पार्किंगच्या खांबावर लिहिलेला गाडीचा नंबर वाचत बसलो.

"नको मला," ती म्हणाली. "माझा टाइप नाही तो."

माझं नाव कोणी सुचवलं ते आता आठवत नाही. अनुमोदन लगेच मिळालं. त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणले आणि मजल्यामजल्यावर वाटले. घरी तिच्यासाठी ठेवलेला पेढा दुसऱ्या दिवशीपर्यंत बशीत तसाच होता. शेवटी तो मीच खाल्ला.

मी अध्यक्ष झालो आणि मग खरी शिक्षा सुरू झाली. दाराची बेल वाजायची, मी दार उघडायचो, आणि बाहेरचा माणूस माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायचा, "वहिनी आहेत का?" प्रश्न इमारतीचेच असायचे. भाड्याच्या घरात म्हाताऱ्या आईला कसं न्यायचं, नव्या घरात देव्हारा कुठे बसेल, नवरा सही करतो म्हणतो आणि मला भीती वाटते. हे सगळं अध्यक्षाला विचारायला हवं. लोक ते आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिला विचारायचे, आणि मी बाहेरच्या खोलीत बिल्डरच्या कराराचा मसुदा हातात धरून कान लावून बसायचो. टीव्हीचा आवाज कमी करायचो. एकदा तळमजल्याच्या आजी बराच वेळ बसून गेल्या. त्यांनी अजून संमती दिली नव्हती, आणि ती मिळवणं माझं काम होतं. त्या गेल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या?

"त्या मला सांगायला आल्या होत्या," बायको म्हणाली.

तिने ते रागाने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. ती भाजी निवडत होती आणि तिने मला सहज, एक वस्तुस्थिती म्हणून सांगितलं. मी त्या खोलीतून ह्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिलो. ती झोपेत कुशीवर वळली तरी मला वाटायचं, हिच्या आत माझ्या इमारतीतल्या सगळ्या लोकांच्या गोष्टी आहेत आणि मला एकही माहीत नाही.

बिल्डरशी बोलायला नेमलेली माझी समिती माझ्या पद्धतीनेच चालली होती, आणि त्या पद्धतीची तिथे पार माती झाली. मी शिकवलेले टाइप लोक आता एकमेकांना शिव्यांसारखे देऊ लागले. कोणी उशिरा आला की, 'हा दाराकडचा'. कोणी आकडे विचारले की, 'आला हिशेबवाला, ह्याला माणसं दिसत नाहीत'. मी थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, कारण मीही तेच करत होतो, फक्त शुद्ध भाषेत. बिल्डरचा माणूस आला त्या दिवशी त्याने आजींच्या सहीबद्दल विचारलं. आजी तिथेच बसल्या होत्या. मी त्याला समजावून सांगितलं की काही माणसांचा टाइपच निर्णय लांबवणारा असतो, आपण धीर धरू.

आजी उठल्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, मग भिंत, आणि भिंतीला धरून त्या आपल्या दारापर्यंत गेल्या. दार लावून घेतलं. बिल्डरचा माणूस आपला चहा संपवून निघून गेला, आणि सेक्रेटरी मला पहिल्यांदाच सर न म्हणता म्हणाले, "अहो, काय केलंत हे."

काय केलं ते मला कळलं होतं. पुढच्या सभेत सगळं सांगून टाकायचं आणि पद सोडायचं, असं मी ठरवलं. बायकोला आधी सांगितलं नाही. तिला सगळ्यांसमोर मोठं करावं, ती ऐकत असताना करावं, अशी माझी कल्पना होती.

सभेत मी उभा राहिलो, पद सोडतोय असं सांगितलं आणि म्हणालो की गच्चीवर मी जे बोललो ते हेव्यापोटी बोललो. तुम्ही सगळे तिच्याकडे गेलात ते मला सहन झालं नाही. हे बोलताना मला बरं वाटत होतं. इथेच खाली बसलो असतो तर चाललं असतं. पण मी बोलत राहिलो. ती प्रत्यक्षात किती खंबीर आहे ते सांगायला लागलो. तिचा भाऊ आजारी होता तेव्हा तिने काय केलं, आमचं मूल गेलं तेव्हा तिने मला कसं सावरलं. माझे हात नेहमीसारखे हलत होते. वाक्यांना नेहमीसारखी लय आली होती. लोक फरशीकडे बघत होते, आणि मला वाटलं की त्यांना भरून आलंय.

"परत तेच करतोयस तू," ती तिच्या खुर्चीवरून म्हणाली.

मी थांबलो.

"त्या दिवशी मला वाईट दाखवायला उभं केलंस, आज चांगलं दाखवायला. आपल्या मुलाचं हे कोणाला तरी सांगितलं होतं का मी? इतक्या वर्षांत?"

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. माझ्या टाइपच्या सगळ्या अभ्यासात हा आवाज कुठे बसत नव्हता. मग काकू शेजारच्याला म्हणाल्या, "ह्येका खाली बसवा रे कोणीतरी," आणि सेक्रेटरींनी माझ्या कोपराला धरून मला बसवलं.

ती उभी राहिली. म्हणाली, "अध्यक्ष कोणी तरी व्हायलाच हवं. माझं नाव घ्यायचं असेल तर घ्या, मी करीन. पण माझ्यावर कोणी भाषण करायचं नाही. ह्यांनी तर एक वाक्यसुद्धा नाही."

लोक हसले, सुटल्यासारखे. काकूंनी नाव सुचवलं. अनुमोदनासाठी मला हात वर करायचा होता. तेवढं तरी माझ्याकडून व्हावं असं फार वाटत होतं. मी हात उचलेपर्यंत बँकेतल्या गृहस्थांचा हात वर गेला होता, आणि मला त्यांचाही हेवा वाटला.

ह्या गोष्टीला आता काही महिने झालेत. आजींनी सही केली आहे. कशी, ते मला माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही. कामाला मी अजून जातो, टाइप अजून शिकवतो, कारण त्यात शिकण्यासारखं आहे असं मला अजूनही वाटतं. घरातली उदाहरणं बंद केली आहेत. वर्ग पूर्वीइतका हसत नाही. त्या सभेनंतर ती बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायची. आता जास्त बोलते. पण मी घरी आलो की आज किती वेळा काढलं, हे ती विचारत नाही.

हेवा गेलेला नाही. तो जाईल असं मला वाटलं होतं. परवाच्या सभेत ती पार्किंग कोणाला किती मिळणार ह्यावर बोलत होती. दोन पुरुष एकदम अंगावर आले. ती मधेच अडखळली, हातातला कागद उलटा-सुलटा करू लागली, आणि माझ्या मनात स्वच्छ आलं की आता हिला जमू नये. क्षणभरच. मी माझ्याच मांडीवर नखं रोवली. मग तिने त्या दोघांपैकी एकाला विचारलं की तुमची अडचण गाडी ठेवायची आहे की पार्किंगपासून पायऱ्या चढायची, आणि तो चक्क उत्तर द्यायला लागला.

मला एक मुद्दा सुचला होता. चांगला होता. मी हात वर केला.

तिने माझ्याकडे पाहिलं, जसं ती कोणाही सभासदाकडे बघते. "तुमच्या आधी ह्या ताईंचा हात आहे," ती म्हणाली. "त्यांचं झालं की तुम्ही."

ताई बोलायला उठल्या. मी हात खाली घेतला आणि त्यांचं संपण्याची वाट बघत बसलो. त्यांचं बोलणं लांबत गेलं.